चार मिळवावेत

"सर, पाणी उकळलं."

"किती?"

"शहाण्णव."

"शंभर लिही."

"शहाण्णवच आहे, सर."

मी फळ्यावर आकृती काढत होतो. हातातला खडू थांबवला नाही. उकळलेल्या पाण्याकडं वळून बघायला दहावीच्या मास्तराला वेळ कुठला? प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर आली होती, बत्तीस जर्नलं पुरी व्हायची होती आणि माझी आकृती अजून स्पिरिटच्या दिव्यापाशीच अडकली होती.

"झोरे, कपाटातला डबा काढ. झाकणाला आतून कागद चिकटवलाय. मोठ्यानं वाच."

मंजुळा झोरे उठली. अंगानं काटकुळी, बोलणं कमी. पण एकदा पाय रोवून उभी राहिली की आमच्या पठारावरचा वाराही तिला वळसा घालून जायचा. तिनं तापमाप्यांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि वाचलं, "सर्व तापमापी चार अंश कमी दाखवतात. वाचनात चार मिळवावेत."

"शहाण्णव अधिक चार?"

"शंभर," सगळा वर्ग ओरडला. या गणितात आमचा वर्ग पक्का होता.

"झालं तर मग. बस."

ती बसली नाही. "सर, डब्यात पाच तापमापी आहेत."

"असू देत."

"पाचही चारनंच कमी कशा?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मी म्हणालो, "एकाच कंपनीच्या आहेत. शिस्तीच्या आहेत. तुझ्यासारख्या नाहीत."

वर्ग हसला. मीही हसलो. मास्तराच्या विनोदाला वर्ग हसतो तेव्हा मास्तराला वाटतं आपण शिकवलं.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. भेकरवाडीचं पठार, त्यावरचं आमचं हायस्कूल. शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं वर्ष चालू होतं. जूनमध्ये हेडसरांनी चांगला शेरा मारून फाईल पाठवली की मी कायम होणार, नाहीतर घरी. त्या वर्षी मी शाळेत श्वासही हेडसरांना विचारून घेत होतो.

मधल्या सुट्टीत मंजुळाची आई, ताराबाई, यांनी मला खिचडीच्या चुलीपाशी गाठलं. खालच्या वर्गांची खिचडी त्याच शिजवायच्या.

"सर, पोरगी काय म्हनती त्ये जरा बघा की. वर्गात हसलासा म्हनं तिला."

"हसलो नाही हो. चार मिळवायला सांगितले."

"त्ये ऱ्हाऊ द्या. मला येक सांगा, हितं पानी कसं खदाखदा उकळतंय, आन् डाळ शिजायचं नाव घेत न्हाय. खाली सावरपेठंला माझ्या भावाकडं तीच डाळ बघता बघता मऊ हुती. ह्ये कसं?"

"तिकडची डाळ चांगली असेल."

"डाळ हितलीच! मीच न्हेली हुती गाठोड्यात."

"मग तिकडचं लाकूड चांगलं असेल."

ताराबाईंनी पळी पातेल्यात फिरवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमाला पगार शिकवायचा देत्यात न्हवं?"

मी म्हटलं, बाईमाणूस आहे, चुलीपुढं बसून डोकं तापलं असेल. सोडून दिलं. ज्या भिंतीला टेकून मी हे सोडून दिलं त्या भिंतीवर ढोबळ निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: समुद्रसपाटीपासून उंची ३९५० फूट. रोज प्रार्थनेला मी त्याच भिंतीसमोर उभा राहायचो.

शनिवारी जर्नलं तपासली. एकतीस जर्नलांत पाणी शंभराला उकळलं होतं. बत्तिसाव्यात शहाण्णवला. मी लाल शाईनं लिहिलं, "पुन्हा लिहा." तासाभरानं जर्नल परत आलं. नवं पान, सुरेख आकृती, उद्दिष्ट, साहित्य, कृती, सगळं पुन्हा लिहिलेलं. निरीक्षण: शहाण्णव. मी पुन्हा लिहिलं, "पुन्हा लिहा." ते तिसऱ्यांदा आलं. अक्षर आणखी सुंदर झालं होतं. आकडा तोच.

"झोरे, माझी सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. माहिती आहे?"

"हो, सर."

"वीस मार्क जातील. विज्ञानात नापास होशील."

"हो, सर."

"आणि फक्त एक आकडा बदलायचाय."

"तोच तर बघून लिहिलाय, सर. बाकीचं सगळं तुम्ही सांगितलेलं आहे."

मी तिसऱ्यांदा "पुन्हा लिहा" लिहिलं, इतकं दाबून की पलीकडच्या पानावर उमटलं.

हेडसर रेडेकर माझ्या खांद्यावरून बघत होते. उंच, वाकलेले, कुणाच्याही खांद्यावरून बघायची सवय. "पाचपुते, एकतीस वह्यांत शंभर आणि एकीत शहाण्णव. बाहेरचा परीक्षक काय म्हणेल?"

"बदलेल ती, सर."

"बदलायलाच पाहिजे. शंभर टक्के निकालाची शाळा आहे ही. एका पोरीच्या चार अंशांपायी टक्का घालवायचा का?" मग जरा थांबून, "फाईल माझ्या टेबलावर आहे हो तुमची."

सोमवारी सकाळी हेडसरांनी परीक्षेआधीची मोजदाद काढली. डब्यात चारच तापमापी निघाल्या. मग काय, शाळेत बोंब झाली. प्रार्थना आटोपती घेतली, दहावीची दप्तरं व्हरांड्यात उलटी केली. कुणाच्या दप्तरातून बोरं निघाली, कुणाच्या आरशाचा तुकडा. मंजुळा तेवढी आली नव्हती.

"झोरेच!" हेडसर म्हणाले. "परवा सही दिली नाहीत ना तिला? तिनंच राग काढला. शाळेतून काढूनच टाकतो."

तेवढ्यात ती फाटकातून आली. सकाळच्या पहिल्या एसटीनं घाट चढून, मधे घरी थांबून. आली ती सरळ प्रयोगशाळेत, आणि टेबलावर एक ओढणी उलगडली. ओढणीत टॉवेल, टॉवेलात कापूस, कापसात तीन नंबरची तापमापी. तान्हं मूल सुद्धा कुणी इतकं गुंडाळत नाही.

"चोरली नाही, सर. नेली होती."

"कुणाला विचारून?" हेडसर गरजले.

"सर म्हणाले होते पुन्हा लिही. तीनदा म्हणाले. पुन्हा लिहायचं म्हणजे पुन्हा बघायला नको?"

हेडसरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कपाटाकडं पाहिलं. तिनं जर्नल उघडून माझ्यापुढं ठेवलं.

निरीक्षण एक: भेकरवाडी, शाळा, तापमापी क्रमांक तीन, शहाण्णव. निरीक्षण दोन: सावरपेठ, मामाचा चहाचा गाडा, तापमापी तीच, शंभराला अर्धा कमी. निरीक्षण तीन: भेकरवाडी, आमच्या घरची चूल, तापमापी तीच, शहाण्णव. दुसऱ्या निरीक्षणासमोर साक्षीदार म्हणून मामाची सही, खाली एसटीच्या कंडक्टरची, आणि एका गिऱ्हाईकाचा अंगठा.

"अंगठा कुणाचा?"

"एक म्हातारबाबा होते. मी तापमापी किटलीत धरून ठेवली म्हणून त्यांचा चहा खोळंबला होता. ते म्हणाले, एवढं काय बघतीयास ते मला बी दाव. मग दाखवलं. मग म्हणाले, मी बी सही करनार."

हेडसरांच्या तोंडाचा कोपरा हलला. पण त्यांनी तो आवरला.

सगळ्यात खाली होतं, अनुमान: तापमापी खराब नाही. कागद खराब आहे.

हेडसर म्हणाले, "मोडली नाही म्हणून या वेळेला सोडतो. आणि पाचपुते, वही तेवढी नीट करून घ्या." ते गेले. मंजुळानं डबा काढला, तापमापी जागेवर ठेवली आणि झाकण उघडंच धरलं.

"सर, हा कागद कुणी लावला?"

"खटावकर सरांनी. माझ्या आधी होते ते."

तिनं कागदाकडं पाहिलं. मग जर्नलातल्या माझ्या लाल शेऱ्याकडं पाहिलं. मग पुन्हा कागदाकडं.

"बरं, सर," ती म्हणाली.

मी तिच्या जर्नलवर सही केली. सही करताना वाटलं, झालं, मिटलं, एका पोरीचं वर्ष वाचलं, आता कामाला लागू. पण बाकीची एकतीस जर्नलं तिथंच गठ्ठा करून पडली होती, वर माझ्या सह्या, आत शंभर. एका वर्गात, एका दिव्यावर, एकच पाणी दोन आकड्यांना कसं उकळलं? परीक्षकानं विचारलं तर उत्तर तिला द्यावं लागलं असतं, मला नाही.

मंगळवारी वर्गाला म्हणालो, "जर्नलं काढा. प्रयोग परत करायचाय."

"सर, पण सही झालीये!"

"खोडतोय मी सही."

मास्तर स्वतःची सही खोडतोय हे वर्गानं कधी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. पाच गट केले, पाच दिवे पेटवले. तापमाप्या मंजुळानं वाटल्या. पाणी खदखदायला लागलं तशी पोरं मान वाकडी करून काचेतला पारा बघायला लागली, आणि एकेका गटातून आवाज येऊ लागले. शहाण्णव. शहाण्णव. आमचाबी शहाण्णव. तीन वर्षांत माझ्या वर्गात इतका गलका झाला नव्हता, आणि इतक्या गलक्यात मी कधी इतका कमी ओरडलो नव्हतो.

मी त्यांना हवेच्या दाबाचं सांगितलं. वर गेलं की हवा विरळ, पाण्यावरचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. उकळतं, पण तापतं कमी, म्हणून डाळ शिजत नाही. हे सगळं सहाव्या धड्यात होतं. शिकवलंही होतं मीच. उत्कलनांक मात्र नवव्या धड्यात. आमच्याकडं सहावा धडा आणि नववा धडा एकमेकांना ओळखत नाहीत. वाटेत भेटले तरी बोलत नाहीत. आणि मास्तर दोघांनाही ओळखत नाही, तो फक्त त्यांची प्रश्नोत्तरं लिहून देतो.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे इतकी वर्षं खटावकर सर चार अंश खात होते?"

वर्ग हसून लोळला. मी म्हणालो, "खटावकर सरांची चूक झाली असेल. माणूस आहे."

मंजुळा तेवढी हसली नाही. ती दिवे विझवत होती.

बुधवारी हेडसर आले. हातात गठ्ठा.

"पाचपुते, एकतीस सह्या खोडल्यात?"

"मीच केल्या होत्या. मीच खोडल्या."

"बोर्डाचं पुस्तक शंभर म्हणतंय."

"बोर्ड खाली आहे, सर. आपण वर आहोत."

"चेष्टा सुचते? उद्या परीक्षकानं सगळ्यांचे मार्क कापले तर?"

"पाणी उकळून दाखवू."

"पाणी!" हेडसर म्हणाले. "पाण्यावर फाईल चालत नाही हो." एवढं बोलून ते गठ्ठा घेऊन गेले. घरी आईला मी कळवून टाकलं होतं, जूनपासून कायम. तिचे गावात पेढे वाटूनही झाले होते.

शुक्रवारी परीक्षक आले. तालुक्याच्या हायस्कुलातले मोकाशी सर. गोल चेहरा, इस्त्रीची पँट, घाटात गाडी लागल्यामुळं तोंड कडू. आल्या आल्या त्यांनी जर्नलांचा गठ्ठा ओढला, पहिलं उघडलं, दुसरं उघडलं, पाचवं, दहावं.

"बत्तीसच्या बत्तीस शहाण्णव? एकाचं बघून सगळ्यांनी उतरवलंय!"

गंमत बघा. बत्तीसच्या बत्तीस शंभर असते तर हा प्रश्न त्यांनी विचारला नसता. तीन वर्षांत कुणीच विचारला नव्हता.

"झोरे मंजुळा," त्यांनी यादीतून नाव काढलं. यादीत ती शेवटून पहिली, तिच्यावरच बोट पडलं. "पाण्याचा उत्कलनांक सांग."

"कुठल्या पाण्याचा, सर?"

"म्हणजे? पाण्याचा!"

"पुस्तकातल्या पाण्याचा शंभर. इथल्या पाण्याचा शहाण्णव."

हेडसरांनी डोळे मिटले. मोकाशी सरांनी मला विचारलं, "हे तुम्ही शिकवलं?"

मी तोंड उघडायच्या आत ते कपाटाकडं वळले, डबा काढला, झाकण उघडलं. "हे काय! इथं स्पष्ट लिहिलंय. चार अंश कमी दाखवतात, चार मिळवावेत. तापमापीच खराब आहेत तुमच्या, आणि पोरांना एवढंही..." ते थांबले. झाकण डोळ्यांजवळ नेलं. "आणि हे खाली लाल शाईनं कुणी लिहिलंय? 'पुन्हा लिहा'?"

मंगळवारपासून मी डबा उघडला नव्हता. पुढं होऊन पाहिलं. त्या कागदाच्या तळाशी लाल शाईत, सुरेख वळणदार अक्षरात, मी वह्यांवर लिहितो अगदी तसं, उजव्या कोपऱ्यात, खाली दोन रेघा ओढून: पुन्हा लिहा.

मंजुळा आपल्या चंचुपात्रातलं पाणी बघत होती. अजून दिवाही पेटवला नव्हता तिनं.

हेडसर घाईनं म्हणाले, "तो जुना कागद आहे. आमच्या खटावकर सरांचा. रिटायर झाले ते. पोरांनी खोडी काढली असेल. कोण आहे ते शोधतो मी."

मला फक्त गप्प बसायचं होतं. खटावकर सर चाळीस कोस लांब आपल्या गावी शेंगा फोडत बसले असतील. त्यांचं काही बिघडणार नव्हतं. खोडी कुणाची हे निघालं असतं तर मात्र एका पोरीचं बिघडलं असतं. माझं काहीच नाही.

"कागद माझा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?" हेडसर म्हणाले.

"मी लिहिलाय. नोकरीच्या पहिल्या महिन्यात. खटावकर सरांच्या काळात डब्याला कागदच नव्हता."

आणि मग जे तीन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते मी बत्तीस पोरांपुढं सांगितलं. पहिल्याच महिन्यात मी याच वर्गात पाणी उकळलं होतं. तापमापी शहाण्णवला थांबली. पोरं बघत होती. मी कॉलेजात हा प्रयोग केलाच नव्हता, तिथं स्पिरिट कायम संपलेलं असायचं, आकडे वरच्या वर्गाच्या वहीतून मिळायचे. मी दुसरी तापमापी घातली. शहाण्णव. तिसरी, चौथी, पाचवी. पाची शहाण्णव. पाच साक्षीदार एकच सांगत होते आणि मी पाचांना खोटं ठरवलं, कारण मला नाही माहीत असं म्हणणं माझ्या पदवीला झेपत नव्हतं. शाळा सुटल्यावर कागद लिहिला, चिकटवला, आणि विचारलं कुणी तर खटावकर सरांचं नाव सांगायचं ठरवलं.

"झोरेला शंभर लिही म्हणून मीच सांगितलं. तीनदा. तिनं लिहिलं नाही," मी म्हणालो. "बाकी सगळ्यांनी लिहिलं, कारण मी सांगितलं. कापायचे तर त्याचे मार्क माझे कापा."

"आणि ही लाल शाई?" मोकाशी सरांनी विचारलं.

"ज्यानं तपासलंय त्याची. शेरा बरोबर आहे."

मोकाशी सर एकदम म्हणाले, "पेटवा तो दिवा." खुर्ची ओढून मंजुळाच्या टेबलाशी बसले. पाणी उकळेपर्यंत कुणी हललं नाही. पारा चढला, चढला, शहाण्णवला येऊन बसला तो बसलाच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"आमच्या शाळेत किती येत असेल हो?" त्यांनी हळूच मला विचारलं.

"बघितलं नाही तुम्ही कधी?"

"कशाला बघायचं," ते म्हणाले, "शंभर तर असतं," आणि स्वतःच कसंनुसं हसले.

एवढं होऊनही त्यांनी सगळ्यांचा एकेक मार्क कापला. नीटनेटकेपणाचा, सह्यांच्या खाडाखोडीबद्दल. मंजुळाला वीसपैकी एकोणीस. हेडसरांनी माझ्या फाईलवर काय लिहिलं ते त्यांनी मला कधी दाखवलं नाही, पण जूनमध्ये ती गेली नाही. पुढच्या जूनमध्ये गेली. आईला एक वर्ष पेढ्यांबद्दल विचारायची सोय नव्हती. ताराबाईंनी मात्र त्या दिवशी मोकाशी सरांना आणि मला चहा आणून दिला. माझ्या हातात कप देताना म्हणाल्या, "मग काय, सर? लाकूडच वाईट हुतं न्हवं आमचं?"

परीक्षा संपल्यावर मंजुळा दिवे पुसत थांबली होती. मी विचारलं, "कागदावरचं अक्षर माझंच आहे हे तुला सोमवारीच कळलं होतं ना?"

"हो, सर."

"मग वर्गात का नाही बोललीस?"

"मी का बोलू? चूक तुमची होती." मग जरा थांबून, "आणि तुम्ही मला तीनदा लिहायला लावलं. मी तुम्हाला एकदाच सांगितलं."

शनिवारी मी जुना कागद खरवडून काढला आणि नवा लिहिला: सर्व तापमापी बरोबर आहेत. इथं पाणी ९६ अंशांना उकळतं. कारण भिंतीवर लिहिलं आहे. झाकणाला आतून चिकटवला आणि कपाट लावून टाकलं.

दहावीचा निरोपसमारंभ झाला, पोरं पांगली, आणि मार्चअखेरच्या मोजदादीला मी डबा उघडला. पाच तापमाप्या. वर माझा कागद. उजव्या कोपऱ्यात लाल शाईत तारीख घातलेली, आणि खाली, "तपासले. मं. झोरे."

भेकरवाडी सोडून मला अकरा वर्षं झाली. बदलीच्या वेळी मी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, रजिस्टरं दिली, पाची तापमाप्या मोजून दिल्या. कागद तेवढा खरवडून बरोबर आणला. चोरला नाही. नेला.